अनशापोटी पहिली गोळी कोणती?

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी, कुठल्याही गावातील मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "थायरॉईडची गोळी अनशापोटी घ्यायची म्हणतात, पित्ताचीही अनशापोटीच. मग आधी कोणती?" दुकानात गर्दी असते, मागचा माणूस घाई करत असतो, आणि बहुतेक वेळा "कोणतीही घ्या, चालते" एवढ्यावर विषय मिटतो.

सीमाभागात हा प्रश्न जास्तच अडचणीचा होतो, कारण एकाच माणसाचे डॉक्टर दोन राज्यांत विखुरलेले असतात. थायरॉईडचे निदान मिरजेला झालेले असते, पोटाचे डॉक्टर बेळगावात असतात आणि साखरेच्या गोळ्या गावातील दवाखान्यातून चालू असतात. तीन चिठ्ठ्या एकाच डब्यात ठेवलेल्या असतात, पण त्या लिहिणाऱ्या तिघांनी एकमेकांची चिठ्ठी पाहिलेली नसते. दुकानदाराने कागदी पाकिटावर पेनाने '१-०-०' असे लिहून दिलेले असते, कधी त्याखाली 'ऊटक्के मुंचे', म्हणजे जेवणाआधी, असेही असते. जेवणाआधी किती वेळ आणि दुसऱ्या गोळीआधी की नंतर, हे मात्र पाकिटावर नसते.

थेट उत्तर असे की थायरॉईडची गोळी पहिली. परंतु एवढे पाठ करून भागत नाही, कारण या दोन गोळ्यांना रिकामे पोट दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी हवे असते.

थायरॉईडच्या गोळीला रिकामे पोट का हवे?

गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली थायरॉईड ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. संप्रेरक म्हणजे शरीरात एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांना काम नेमून देणारे रसायन. हृदयाची गती, अंगातील ऊब, शौचाची नियमितता, स्त्रियांची पाळी, मनाची उभारी या सगळ्यांवर थायरॉक्सिनचा परिणाम होतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ साली ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आज लिव्होथायरॉक्सिन या नावाने मिळणारी गोळी म्हणजे तेच रसायन कारखान्यात बनवलेले असते. ग्रंथीने जे तयार करायचे ते तिला पुरेसे जमत नाही, म्हणून ते बाहेरून भरून काढायचे, एवढेच तिचे काम. त्यामुळेच "रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू" हा विचार बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा ठरतो. रिपोर्ट नॉर्मल आलेला असतो तो गोळी चालू असल्यामुळे.

या गोळीची मात्रा फार लहान असते. डब्यावरील ५० किंवा १०० हा आकडा मायक्रोग्रॅमचा असतो आणि १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. पित्ताच्या गोळीवरील ४० हा आकडा मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे वजनाने ती १०० च्या थायरॉईड गोळीतील औषधाच्या चारशे पट भरते. इतक्या सूक्ष्म मात्रेत थोडी जरी गळती झाली तरी तिचा परिणाम रक्ताच्या तपासणीत दिसतो.

ही गळती आतड्यात होते. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीतील साधारण ६० ते ८० टक्के औषध लहान आतड्यातून रक्तात शिरते. त्याच वेळी पोटात अन्न असेल तर हे प्रमाण घटते. कॅल्शियम, लोह आणि ॲल्युमिनियम यांना थायरॉक्सिन चिकटून बसते आणि चिकटलेले औषध रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडते. दुधाचा चहा, नाचणीची आंबील, हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी, रक्तवाढीची लोहाची गोळी ही सगळी त्यात आली. कॉफीनेही शोषण कमी होते. म्हणून उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि पहिल्या चहापर्यंत निदान अर्धा तास, जमल्यास एक तास जाऊ द्यावा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांना मात्र चार तासांचे अंतर हवे.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत हे अंतर विशेष महत्त्वाचे आहे. गर्भारपणात थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढू लागते, आणि त्याच काळात लोहाच्या व पुढे कॅल्शियमच्या गोळ्याही हातात येतात. सगळ्या गोळ्या नाश्त्याबरोबर एकदम गिळून टाकण्याची सवय घराघरांत दिसते. तसे केल्यास गरज वाढत असताना औषधाचा पुरवठा मात्र आटतो. या स्त्रियांनी थायरॉईडची गोळी पहाटे घेऊन लोह दुपारच्या आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाकडे सरकवावे आणि दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्यावी.

पित्ताच्या गोळीला रिकामे पोट का हवे?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या एकाच घराण्यातील गोळ्या आहेत. त्यांतील पहिली, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आली. ही गोळी पोटात गेली की तिथल्या आम्लाला विझवते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ती जठरात विरघळतही नाही. आम्लाने ती नासू नये म्हणून तिच्यावर एक कवच दिलेले असते. ते आतड्यात जाऊन विरघळते, औषध रक्तात मिसळते आणि रक्तामार्गे फिरून जठराच्या भिंतीतील पेशींपर्यंत मागच्या दाराने पोहोचते. म्हणून ही गोळी चावायची, कुटायची किंवा मोडून घ्यायची नसते.

त्या पेशींत आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला त्यांचे वागणे लगेच कळेल. थ्री-फेज वीज आली की विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि वीज नसताना गप्प पडून असतात. जठरातील पंपांची वीज म्हणजे जेवण. जेवण आले की बहुतेक पंप चालू होतात. आणि हे औषध चालू असलेल्या पंपालाच कायमचे जाम करू शकते, बंद पडलेल्या पंपाला ते काही करू शकत नाही. औषध रक्तात मोठ्या प्रमाणात राहते ते जेमतेम एक-दोन तास. त्यामुळे वीज येण्याच्या वेळी ते जागेवर हजर असायला हवे. एकदा जाम झालेला पंप मात्र दुरुस्त होत नाही, शरीराला नवा बसवावा लागतो. म्हणूनच औषध रक्तातून निघून गेल्यावरही त्याचा परिणाम दिवसभर टिकतो.

यातून निघणारी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. या गोळीच्या बाबतीत पोट रिकामे असण्याइतकेच महत्त्व गोळीनंतर अर्ध्या ते एका तासात नीट जेवण किंवा न्याहारी होण्याला आहे. पहाटे पाचला गोळी घेऊन रानात जायचे आणि भाकरी अकराला खायची, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांची गोळी बरीचशी वाया जाते. त्यांनी ती साडेदहाला घ्यावी, म्हणजे डबा उघडण्याआधी अर्धा तास. पहिल्या दिवशी पूर्ण आराम पडला नाही म्हणून ती निकामी ठरवू नये. सगळे पंप एका दिवसात सापडत नाहीत, पुरा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात.

दोन्ही एकदम घेतल्या तर काय बिघडते?

पित्ताची गोळी थायरॉक्सिनला चिकटत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच घोटाबरोबर गिळल्याने विशेष काही बिघडत नाही. थायरॉईडची उठल्याबरोबर आणि पित्ताची न्याहारीच्या अर्धा तास आधी, हा क्रम ज्यांना जमतो त्यांनी तो जरूर ठेवावा. मात्र तेवढ्याने दोन्ही औषधांमधला खरा गुंता सुटत नाही.

गुंता असा आहे की थायरॉईडची गोळी नीट विरघळायला जठरातील आम्लाची मदत लागते. पित्ताच्या गोळीने आम्ल दिवसभरासाठी कमी झालेले असते, म्हणून दोन गोळ्यांत अर्धा तास सोडला काय किंवा चार तास सोडले काय, आम्ल कमीच सापडते. रोमच्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की ज्यांच्या जठरात आम्ल कमी तयार होते, अशा रुग्णांना थायरॉक्सिनची मात्रा जास्त लागते. पित्ताची गोळी कायमस्वरूपी चालू असलेल्या काहींचा टीएसएच याच कारणाने वाढलेला आढळतो. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला काम वाढवण्यासाठी दिलेला हुकूम, आणि शरीराला थायरॉक्सिन कमी पडू लागले की तो वाढतो. यावर उपाय तपासणीचाच आहे. पित्ताची रोजची गोळी नव्याने सुरू झाली किंवा बंद झाली, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्यावा आणि तो रिपोर्ट थायरॉईडच्या डॉक्टरांना दाखवावा, मग ते मिरजेला का असेनात.

पातळ, पांढऱ्या-गुलाबी अँटासिडची गोष्ट याच्या उलट आहे. त्यातील ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम थायरॉक्सिनला आतड्यात अडवतात. जखमेवर लेप देणारे सुक्रॅल्फेट हे औषधही तेच करते. इथे अंतराचा खरोखर उपयोग होतो आणि ते चार तासांचे असावे.

पित्ताची गोळी निरुपद्रवीच आहे ना?

थोड्या दिवसांसाठी ती बरीच सुरक्षित आहे, आणि ज्यांना ती खरोखर लागते त्यांच्यासाठी मोलाची आहे. हृदयरोगासाठी ॲस्पिरिन घेणारे वृद्ध, सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेणारे, अन्ननलिकेला आम्लाने जखमा झालेले रुग्ण यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये.

प्रश्न आहे तो चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळीचा. आम्लाचे काम अन्न पचवण्यापुरते नसते. अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व मोकळे करणे आणि तोंडावाटे आलेले जंतू मारणे हीही त्याचीच कामे आहेत. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवले तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, आतड्याच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि उतारवयात हाडे मोडण्याचा धोकाही काहीसा वाढलेला आढळतो.

"पण बंद केली की जळजळ दुप्पट होते, म्हणजे मला ती लागतेच," हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पंप बरेच दिवस जाम राहिले की आम्ल वाढवण्याचा आदेश देणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक चढते. गोळी अचानक थांबवली की नव्या पंपांवर त्याचा जोर एकदम पडतो आणि काही दिवस आम्ल नेहमीपेक्षा जास्त सुटते. म्हणजे ही जळजळ मूळ आजाराचीच असेल असे नाही, ती पुष्कळदा गोळी सोडण्याची असते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात. जोडीला मिश्री आणि तंबाखू सुटली तर आराम अधिक टिकतो, कारण निकोटिनमुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे सांगणे किती अवघड आहे याची कल्पना आहे, तरी ते सांगायलाच हवे.

आपल्याकडे पित्ताच्या गोळीत पुष्कळदा डोम्पेरिडोन मिसळलेले असते आणि नावापुढे 'डी' लावलेला असतो. हे उलटीवरचे औषध आहे. ते पिट्युटरीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवते, त्यामुळे काही स्त्रियांना बाळ नसताना स्तनातून दूध येते किंवा पाळी चुकते, आणि मग महागड्या तपासण्यांची रांग लागते. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोकाही असल्यामुळे युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली ते मळमळ-उलटीपुरते आणि साधारण आठवडाभराच्या वापरापुरते मर्यादित केले. नुसत्या जळजळीसाठी ते रोज घेण्याचे कारण नाही. आपल्या पाकिटावर 'डी' आहे का, हे आजच पाहून घेण्यासारखे आहे.

गिळताना घास अडकणे, शौच डांबरासारखी काळी होणे, विनाकारण वजन उतरणे यांपैकी काही असेल तर पित्ताच्या गोळीने वेळ मारून नेऊ नये. छातीतील जळजळ हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल आणि घाम फुटत असेल, तर तो हृदयाचा इशारा समजून थेट इस्पितळ गाठावे.

साखरेच्या गोळ्यांचे गणित वेगळे

मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात सुटणारी साखर कमी करते. ती अनशापोटी घेतल्यास मळमळ आणि जुलाब होतात, म्हणून ती जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घ्यायची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती जेवणाच्या अगदी आधी घेतात, आणि घेतली की जेवण चुकवायचे नसते. एकादशी, नवरात्र, रमजानचे रोजे किंवा सौंदत्तीच्या यात्रेतील पायपीट या दिवशी हीच गोळी धोक्याची ठरते. पोटात अन्न नसले तरी इन्सुलिन सुटतच राहते आणि साखर ७० च्या खाली उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये. उपवास धरायचा असेल तर गोळीची फेरआखणी आधीच डॉक्टरांकडून करून घ्यावी.

एक तिसरे औषध पुष्कळदा याच गोळीत मिसळलेले असते, ते म्हणजे व्होग्लिबोज. ते आतड्यात पिष्टमय पदार्थ आणि साखर फुटण्याचा वेग कमी करते. न फुटलेला भाग मोठ्या आतड्यात आंबतो आणि पोटात वारा धरतो. मग रुग्ण मेडिकलमध्ये जाऊन गॅसची गोळी मागतो आणि ती पुढे वर्षभर चालते. साखरेच्या औषधाने केलेला गॅस पित्ताच्या गोळीने जात नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. व्होग्लिबोज घेणाऱ्याची साखर उतरली तर घरची साखर फुटायला वेळ लागतो, त्यामुळे मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडरच द्यावी. गोळीच्या पट्टीवरील बारीक अक्षरांत हे नाव आहे का, ते शोधून ठेवावे.

मेटफॉर्मिननेही दीर्घकाळात बी-१२ कमी होते. तीच व्यक्ती पित्ताची गोळीही रोज घेत असेल आणि घर शाकाहारी असेल, तर तीन बाजूंनी तूट येते. पायांना मुंग्या येणे, तळवे जळणे, चालताना तोल जाणे याला घरी "शुगरमुळे होतंय" म्हणून सोडून दिले जाते. मधुमेहाने तसे होतेच, पण बी-१२ च्या कमतरतेनेही हुबेहूब तसेच होते आणि ती कमतरता भरून काढता येते. म्हणून या लोकांनी बी-१२ ची तपासणी अधूनमधून करून घ्यावी.

पहिल्या जागेचा तिसरा दावेदार

वजन आणि साखर दोन्ही कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा गेल्या काही दिवसांत घराघरांत पोहोचली आहे. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आले आणि वेगोवी जूनमध्ये. आतड्यातून जेवणानंतर सुटणाऱ्या संप्रेरकाची ही दीर्घकाळ टिकणारी नक्कल आहे. ती भूक कमी करते आणि जठर सावकाश रिकामे होऊ देते, म्हणून मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ या तिच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगावे, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते.

यातील वेगोवीमध्ये असलेले सेमाग्लुटाइड हे औषध गोळीच्या रूपातही मिळते आणि ती मात्र अनशापोटीच्या बाबतीत सर्वांत हट्टी आहे. अर्ध्या पेल्याहून कमी, म्हणजे १२० मिलिलिटरपर्यंत पाणी, आणि त्यानंतर अर्धा तास अन्न, चहा किंवा दुसरी कोणतीही गोळी नाही, अशी तिची अट असते. थायरॉईडची गोळीही चालू असेल तर सकाळची जागा सेमाग्लुटाइडला द्यावी आणि थायरॉईडची रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. रात्री घेतलेली थायरॉईडची गोळी तितकीच लागू पडते.

इतका काटेकोरपणा रोज कसा जमणार?

तो रोज तंतोतंत जमला नाही तरी चालते. थायरॉक्सिन शरीरात सावकाश झिजते, त्याची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे एखाद्या दिवशी चहा लवकर झाला किंवा गोळी राहिली, तर अनर्थ होत नाही. बिघडते ते वेळ दर आठवड्याला बदलल्याने, कारण मग रिपोर्टवरून मात्रा ठरवणेच अशक्य होते. स्वस्त जेनेरिक गोळी चालते का, याचे उत्तरही हेच आहे. ती चालते, परंतु थायरॉईडच्या बाबतीत कंपनी दर महिन्याला बदलू नये, आणि बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करावा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीपूर्वी दोन दिवस थांबवाव्यात, नाहीतर रिपोर्टच खोटा येऊ शकतो.

हे वाचून जे आपला क्रम सुधारतील, त्यांच्यासाठी एक सूचना राहते. आजवर गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतल्यामुळे टीएसएच उतरत नव्हता आणि डॉक्टरांनी मात्रा ७५ वरून १००, मग १२५ केली, असे पुष्कळांचे झालेले असते. आता तीच १२५ ची गोळी अनशापोटी नीट घेतली की पूर्वी वाया जाणारा भागही रक्तात पोहोचेल आणि मात्रा जास्त होईल. छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणे, वजन झपाट्याने उतरणे ही त्याची चिन्हे. वयस्कर आणि हृदयरोगी माणसांनी तर वेळ बदलण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, आणि इतरांनी वेळ बदलल्याची तारीख चिठ्ठीच्या मागे लिहून त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे.